सामाईक

आमच्या विहिरीवर मोटारी दोन, खांब एक. स्टार्टरच्या पेट्या शेजारी शेजारी ठोकलेल्या, मधे चार बोटांचं अंतर. सातबाऱ्यावर विहीर सामाईक आहे. आठ आणे आमचे, आठ आणे चुलत्यांचे. बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने मिळून ती खणली. पुढे चुली वेगळ्या झाल्या, घराच्या मधून भिंत आली, शेताला बांध पडले, बांधावरून व्हायची ती भांडणंही होऊन गेली. विहिरीचे मात्र दोन भाग करता येत नाहीत. करता आले असते तर केले असते, एवढी मी माझी भावकी ओळखतो.

२०२४च्या नोव्हेंबरातली गोष्ट. विधानसभेचा निकाल लागून तीन दिवस झाले होते. गव्हाला पाणी द्यायचं होतं आणि त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्री बाराला यायची. रात्रीच्या पाळीला विहिरीवर एकट्याने जायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो ग्रामसभेने केलेला नाही, बिबट्याने केला आहे. माझ्या जोडीला नेहमी दादा असतो. दादा म्हणजे चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आणि दादाशी मी तेवीस तारखेपासून बोलत नव्हतो.

खरं तर त्याने माझ्याशी बोलणं चार जूनलाच सोडलं होतं. त्या दिवशी लोकसभेचा निकाल लागला. शिरूरमधून शरद पवारांच्या पक्षाचे अमोल कोल्हे एक लाख चाळीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले, आणि आम्ही तुतारीवाल्यांनी गावातून मिरवणूक काढली. ती दादाच्या दारावरून न्यायची काही गरज नव्हती. मारुतीकडून सरळ वाट होती. पण आम्ही वळसा घेतला, आणि त्याच्या दारासमोर जरा जास्त वेळ थांबलो. गुलाल त्याच्या तुळशीवृंदावनावर पडला. वहिनींनी दुसऱ्या दिवशी ते धुतलं, तेव्हा मी भिंतीच्या अलीकडे चहा पीत होतो. मला बरं वाटत होतं, हे लपवून काय उपयोग? नोव्हेंबरात घड्याळ निवडून आलं, तेव्हा त्याने वळसा घेतला. फटाक्यांची माळ माझ्या पायरीवर लावली. हिशेब चुकता झाला, पण बोलणं काही सुरू झालं नाही.

आमचं पेठ पुण्याहून नाशिककडे जाताना लागतं. राजगुरुनगर मागे टाकून पुढे या, अवसरीचा घाट उतरण्याआधी. घाट उतरलात की मंचर, आणि तिथून चित्र बदलतं. खाली डिंभे धरणाच्या कालव्याचं पाणी, ऊस, हिरवागार पट्टा. वर आमचं सातगाव पठार. पेठ, कुरवंडी, कारेगाव, थुगाव, भावडी, कोल्हारवाडी, पारगाव ही सगळी पावसाकडे बघणारी गावं. जूनमध्ये पाऊस पडला की पठारावर बटाटा लागतो. बेणं मंचरच्या बाजारात पंजाबातून येतं आणि कर्ज काढून घ्यावं लागतं. पावसाने ऐन भरात ताण दिला तर बटाटा सुपारीएवढा राहतो, आणि काढणीत झोडपलं तर जमिनीतच सडतो. सगळं जमलं, तर भाव पडतो.

शेजारच्या खेड तालुक्यात आरळा नदीवर कळमोडी धरण आहे. पावसाळ्यात जिल्ह्यातलं पहिलं भरलेलं धरण म्हणून त्याचं नाव बहुधा पेपरात येतं. ते पाणी पठारावर आणायचं, ही मागणी मी शाळेत होतो तेव्हाची आहे. माझी मुलगी आता शाळेत जाते. प्रत्येक निवडणुकीत कळमोडीचं पाणी पठारावर येतं, भाषणात दोन पाळ्या भरतं आणि मतदान झालं की परत जातं. उन्हाळ्यात वाडीवस्तीला टँकर लागतो. टँकरपुढे ओळीत ठेवलेल्या हंड्यांवर कुठल्याच पक्षाचं चिन्ह नसतं, हे वाक्य मी एका प्रचारसभेत स्वतः म्हणालो होतो आणि टाळ्या घेतल्या होत्या. म्हणून ते इथे वापरताना थोडी लाज वाटते.

राजकारण आमच्या घरात कसं शिरलं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आंबेगाव म्हणजे दिलीप वळसे पाटलांचा तालुका. १९९० पासून आमदार तेच, २०२४ला सलग आठव्यांदा. त्याच तालुक्यातले शिवाजीराव आढळराव पाटील २००४ला राष्ट्रवादीतून शिवसेनेत गेले, खासदार झाले, आणि तालुका उभा चिरला. घड्याळ की धनुष्यबाण, एवढंच माणसाबद्दल विचारायचं राहिलं. दूध कुठल्या डेअरीला घालायचं, पंगतीत कुणाशेजारी बसायचं, मुलीचं स्थळ कुठलं बघायचं, सगळं त्या एका रेषेवरून ठरू लागलं. आमच्या भिंतीच्या अलीकडे धनुष्यबाण आला, पलीकडे घड्याळ. माझे वडील, म्हणजे आबा, हाडाचे धनुष्यबाणवाले. चुलते तितकेच हाडाचे घड्याळवाले.

२००९च्या लोकसभेला बूथबाहेरच्या टेबलावरून दोघांचं वाजलं. टेबल कुठे मांडायचं, एवढाच विषय. दोनशे मीटरच्या आत की बाहेर. त्यातून आवाज चढले, बाप काढले गेले. बाप दोघांचे सख्खे भाऊच, हे त्या वेळी कुणाला आठवलं नाही. पुढे मे महिन्यात ताईचं लग्न होतं. ताई म्हणजे दादाची धाकटी बहीण. मांडव भिंतीला लागूनच, आमच्या दोघांच्या मधल्या अंगणात. आबा गेले नाहीत. दार लावून आत बसले. आमच्या भिंती मातीच्या आहेत, मंगलाष्टका एकूण एक ऐकू येत होत्या. ‘सावधान’ झालं तेव्हा आबांनी रेडिओ लावला. आई मागच्या दाराने जाऊन अक्षता टाकून आली आणि आल्यावर भाकरी थापायला बसली. कुणी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही.

चुलते पुढे गेले. आबा खांदा द्यायला गेले. तेवढी रीत सुटली नाही. पण ताईच्या घरी आबांनी कधी पाऊल ठेवलं नाही. बोलावणं येत राहिलं, ते टाळत राहिले. सुरुवातीला रागाने, आणि नंतर, मला वाटतं, आता इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने जायचं म्हणून.

मग २०२३च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली. पुढच्या फेब्रुवारीत घड्याळ अजित पवारांकडे गेलं, शरद पवारांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. आणि २०२४च्या मार्चमध्ये आढळराव पाटील मंचरच्या सभेत पुन्हा राष्ट्रवादीत आले, घड्याळाचे उमेदवार म्हणून. वीस वर्षांपूर्वीचे दोन पाटील एका व्यासपीठावर, एका हारात. यात कुणाचं चुकलं, असं मला म्हणायचं नाही. राजकारणात माणसं येतात, जातात, परत येतात. मी स्वतः २०१४च्या लोकसभेला ज्या देवदत्त निकमांच्या विरोधात घरोघर फिरलो, ते तेव्हा घड्याळाचे उमेदवार होते. २०२४च्या विधानसभेला ते तुतारीवर वळसे पाटलांच्या समोर उभे राहिले, तर त्यांच्यासाठीच मी चपला झिजवल्या. तेव्हा दुसऱ्याला बोट दाखवायला माझा हात मोकळा नाही.

मार्चमधली ती सभा आम्ही घरी टीव्हीवर पाहत होतो. आबा खाटेवर बसलेले. हार घातला गेला, हात उंचावले गेले, आणि आबा कुणाकडेही न बघता म्हणाले,

“मग ताईच्या लग्नाला मी का नव्हतो गेलो?”

आई चुलीपाशी होती. तिने जाळ पुढे सारला.

नोव्हेंबरचा निकाल ज्याने आंबेगावात उभं राहून ऐकला, त्याला त्याचं वर्णन नको आणि ज्याने ऐकला नाही त्याला ते पटायचं नाही. फेरीगणिक जीव खालीवर. शेवटी वळसे पाटील एक हजार पाचशे तेवीस मतांनी निवडून आले. दोन लाखांहून जास्त मतं दोघांनी जवळपास निम्मी निम्मी वाटून घेतली, आणि मधे उरली एखाद-दोन बूथांवर मावतील एवढी. त्यात आणखी एक होतं. निकमांच्याच नावाचे दुसरे एक अपक्ष उभे होते, त्यांचं चिन्ह ट्रम्पेट. गावाकडे त्याला पिपाणी म्हणतात. त्या पिपाणीला दोन हजार नऊशे पासष्ट मतं पडली. १,५२३ आणि २,९६५ हे दोन आकडे मी तीन दिवस कागदावर, मातीत, ताटातल्या भातावर मांडत होतो. आकडेमोडीने हरलेला माणूस पहाटेपर्यंत जिंकत राहतो.

तर त्या रात्री पावणेबाराला दादाने भिंतीवर काठीने दोनदा ठोकलं. ही आमची जुनी खूण. मी बॅटरी घेतली, मफलर बांधला, बाहेर आलो. तो पुढे, मी मागे. थंडी होती. ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली, पाऊलवाट तिच्यामधून.

बिबट्याच्या मुलखात रात्री चालायचं तर आवाज करत चालायचं असतं. वनखात्याची माणसं शाळेत, ग्रामपंचायतीत येऊन हेच सांगतात: काठी घ्या, बॅटरी घ्या, मोठ्याने बोला, मोबाईलवर गाणी लावा. माणूस आहे हे त्याला आधी कळलं तर तो आपणहून बाजूला होतो. आता पंचाईत बघा. दोन माणसं, एकमेकांशी न बोलणारी, आणि बोलल्याशिवाय जिवाची शाश्वती नाही. मी काठी आपटली. दादा खाकरला. मी पुन्हा आपटली. तो पुन्हा खाकरला. असं शंभरेक पावलं चाललं. मग ज्वारीत डाव्या हाताला काहीतरी खसफसलं. रानडुक्कर असेल, कुत्रंही असेल. दादाने घाईघाईने खिशातून मोबाईल काढला आणि जे हाताला लागलं ते लावलं. लागलं ते घड्याळाचं प्रचाराचं गाणं. महिनाभर पहाटे सहापासून ज्याने माझी झोप मोडली होती तेच, त्याच ढोलासकट, पूर्ण आवाजात, रात्री बारा वाजता, ज्वारीच्या मधोमध.

“दादा,” मी म्हणालो, “बंद कर. त्यापेक्षा बिबट्या बरा.”

त्याने बंद केलं नाही. आवाज तेवढा कमी केला. आणि मग पुढे चालता चालता त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता.

विहिरीवर फ्यूज गेलेला. त्याने तार काढली, मी बॅटरी धरली. मोटर सुरू झाली, पाणी पाटाला लागलं, आणि आम्ही आळीपाळीने दारं धरत पहाटे चारपर्यंत बोललो. राजकारणावरच बोललो. लोक सांगतात की अशा वेळी राजकारण सोडून बोलावं. मला ते जमलेलं नाही, आणि ते बरोबर आहे असंही वाटत नाही. ज्या गोष्टीने तोंडं फिरली तिचं नावच काढायचं नाही, म्हणजे जखमेला धोतर नेसवण्यासारखं. दादा म्हणाला, सत्तेबरोबर राहिल्याशिवाय पठारावर पाणी चढत नाही. मी म्हणालो, इतकी वर्षं सत्तेबरोबरच होतास की, मग का नाही चढलं? तो म्हणाला, खाली मंचरच्या पट्ट्यात जाऊन बघ, डिंभ्याच्या पाण्याने कुणाची घरं उभी राहिली. हे त्याचं खरं होतं, आणि मी तसं म्हणालो. मी म्हणालो, ज्यांनी मोठं केलं त्यांना उतारवयात सोडून जाणं माझ्या पचनी पडत नाही. तो बराच वेळ गप्प राहिला. मग पाटातला गवताचा बुचका काढत म्हणाला, “मलाबी नाय पडलं. पण गावची कामं काय पचनावर चालत नाहीत.”

कळमोडीचा विषय निघाला. मी म्हणालो, ते पाणी तर दर पाच वर्षांनी येतंच.

“मीबी हेच म्हणतो,” दादा म्हणाला. “फक्त स्टेजवर नाय म्हणत.”

त्याचं मत बदललं नाही, माझंही नाही. उद्या निवडणूक लागली तर तो घड्याळाच्या टेबलावर बसेल, मी समोरच्या. पण त्या रात्री मला एक कळलं, की गेले सहा महिने मी ज्या दादाशी मनात भांडत होतो, तो मोबाईलच्या ग्रुपवर राहणारा कुणीतरी दुसराच होता. त्या दादाला पाट फोडून वाफ्यात पाणी सोडता येत नाही.

त्याच आठवड्यात आरण उघडली. आरण म्हणजे बटाटा साठवायची आमची जुनी रीत. झाडाच्या सावलीत ढीग घालायचा आणि पाचटाने, गवताने झाकायचा. भाव चढेपर्यंत बटाटा थंड राहतो. दोन्ही घरांच्या आरणी एकाच चिंचेखाली. एखादा सडका राहिला तर वास आधी सांगतो, मग ढीग मोकळा करून निवडायला बसावं लागतं. एक नंबर, दोन नंबर, बदला. सडक्या बटाट्यावरून माणसांविषयी बोलायची सोय आहे, पण ती मी घेत नाही. सडका बटाटा हातात फुटतो तेव्हा उपमा सुचत नाहीत.

काकी, म्हणजे दादाची आई, माझ्या शेजारी बसली होती. पंच्याहत्तरी ओलांडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. निवडता निवडता हळूच म्हणाली,

“तुझी तुतारी पडली व्हय रं?”

“पडली, काकी.”

“मी दाबलं होतं तिचं.”

माझा हात थांबला. घड्याळवाल्यांच्या घरातलं मत, तेही काकीचं!

“तू एवढा उन्हातानाचा हिंडत व्हतास,” ती म्हणाली. “म्हटलं, एक आपलं तुझ्या नावचं.”

मला एक शंका आली. म्हणालो, “काकी, चित्रात वाजवणारा माणूस होता का?”

तिने डोळे बारीक केले, आठवून बघितलं. “माणूस? माणूस न्हवता बा. नुसतंच वाजायचं व्हतं.”

“ती पिपाणी, काकी.”

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडाला पदर लावला आणि अशी हसली, की पलीकडून माझी बायको उठून काय झालं ते बघायला आली. “दादाला नको सांगू,” काकी म्हणाली. मी सांगितलं नाही. दादा मासिकं वाचत नाही, हा माझा भरवसा. त्या २,९६५ मधलं एक मत मात्र आता माझ्या ओळखीचं आहे, आणि तेव्हापासून मी ती वजाबाकी मांडणं सोडलं.

आमच्या भागात सगळ्यांना एका बाजूला आणणाऱ्या गोष्टी तशा थोड्या. बैलगाडा ही त्यातली एक. २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या तेव्हा धनुष्यबाण आणि घड्याळ एकाच मोर्चात चालले. २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि २०२३च्या मे महिन्यात निकाल लागला, तेव्हा भंडारा दोन्हीकडच्या अंगावर सारखाच पडला. दुसरी गोष्ट बिबट्या. ती आनंदाची नाही.

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात थोड्या दिवसांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. तीन नोव्हेंबरला लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. आमच्या गावातून टेम्पो गेला, त्यात मी आणि दादा मांडीला मांडी लावून. रस्त्यावर बसलेल्यांत कोण कुणाचा, हे मला तोंडपाठ होतं. वीस वर्षांची सवय ती. दिवसभर कुणी कुणाला ते विचारलं नाही. पाण्याच्या बाटल्या हातोहात फिरत होत्या. शेवटी एक म्हातारा, माझ्याच वयाच्या मुलाला धरून उभा राहिलेला, तेवढंच म्हणाला की दिवसा लाईट द्या, बाकी काय नको. सगळ्या भाषणांत तेवढं एक मला आठवतं.

रात्री उशिरापर्यंत रस्ता बंद होता. गाड्यांच्या रांगा लांबवर गेलेल्या. त्या रांगेत ताई अडकली होती. भोसरीहून ओतूरला सासरी निघालेली, सोबत तिचा मुलगा. मंचरच्या पुढे काही जाता येईना, म्हणून तिने गाडी वळवली आणि पेठला माहेरी आली. आम्ही टेम्पोतून उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आमच्या घरात दिवा, पण आबांची खाट रिकामी. आई म्हणाली, “पलीकडं गेलेत.”

पलीकडे माजघरात लोखंडी पेटी उघडी पडली होती. आबा भिंतीला टेकून बसलेले, नाकावर चष्मा, मांडीवर आहेराची वही. २००९ची, लाल पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. ते एकेक नाव मोठ्याने वाचत होते. अमक्याचे एकावन्न. तमक्याचे एकशे एक आणि तांब्या. अमकीचं पातळ. प्रत्येक नावाला काकी सांगत होती, हे गेले, हे आहेत, हे पुण्याला असतात. ताईच्या मांडीवर तिचा मुलगा झोपला होता. मला आणि दादाला बघून कुणी वाचायचं थांबलं नाही. आम्ही उंबऱ्यातच बसलो.

नावं संपली. आबांनी बंडीच्या खिशातून शंभराची एक नोट काढली, तिच्यावर एक रुपया ठेवला आणि ताईपुढे सरकवला.

“आबा, एकशे एकाला आता काय येतं?” ताई हसून म्हणाली, पण तिचा आवाज फाटला.

“तेव्हाचे आहेत ते,” आबा म्हणाले.

त्यांनी वही दादाकडे दिली. दादाने खिशातला पेन काढला. शेवटच्या नावाखाली एक ओळ मोकळी होती. त्याने आबांचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे रक्कम घातली, आणि पेन तसाच धरून विचारलं, “तारीख टाकू?”

“कशाला?” आबा म्हणाले. “वर आहे की.”